अंबाडा मानेवर की वर? बॅलेच्या केशरचनेची पार्श्वभूमी

ठाण्यात बॅले शिकणाऱ्या मुलींच्या पालकांना वार्षिक कार्यक्रमाआधी सूचना आली: ‘अंबाडा नको, बन हवा.’ घरी आजीने पीळ घालून मानेवर बसवलेला अंबाडा वर्गात सोडला जातो आणि उंचावर पुन्हा बांधला जातो. मानेवरचा अंबाडा ‘बॅलेचा नाही’, हे त्यामागचं कारण. ते खरं नाही.

युरोपातल्या राजदरबारांत होणाऱ्या सुरुवातीच्या बॅलेत विग असत. नर्तिकेच्या स्वतःच्या केसांची जी ठेवण आपण बॅलेची म्हणून ओळखतो, ती १८३२ साली पॅरिसमध्ये ‘ला सिल्फीद’ हे बॅले रंगमंचावर आलं त्या काळातली. मधोमध भांग, कानांवरून चापून मागे नेलेले केस आणि खाली मानेवर गाठ. त्या काळच्या बायका रोज असेच केस बांधत. १८४१ च्या ‘जिझेल’ या बॅलेमध्ये आजही दुसऱ्या अंकात नर्तिका बहुधा कान झाकलेल्या केसांनीच येतात. पहिल्या अंकाच्या शेवटी भान हरपलेल्या नायिकेचे, जिझेलचे, केस सुटतात. ते आधी इतके नीट बांधलेले पाहिलेले असतात, म्हणूनच ते सुटणं जिवाला लागतं.

खरा घोळ शब्दांचा आहे. फ्रेंचमध्ये अंबाड्याला ‘शिन्याँ’ म्हणतात आणि त्या शब्दाचा जुना अर्थच मानगूट. म्हणजे मान त्या नावातच आहे. ‘बन’ हा इंग्रजी शब्द गोल पावावरून आलेला. केस किती उंच बांधायचे हे तो सांगत नाही. आपल्याकडे घाईत गुंडाळला तो बुचडा, पीळ घालून आकड्यांनी बसवला तो अंबाडा. सूचना लिहिणाऱ्यांना बहुधा बुचडा नको होता. नाव मात्र अंबाड्याचं खराब झालं.

उंच अंबाड्याचा आग्रह मुख्यतः विसाव्या शतकातला. त्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये साध्या सरावाच्या कपड्यांत बॅले सादर होऊ लागलं, तेव्हा मानेची रेघ उघडी दिसणं महत्त्वाचं ठरलं. हनुवटीपासून कानावरून तिरकी रेघ मागे न्यायची, ती जिथे पोचते तिथे अंबाडा, हा वर्गातला ठोकताळा. केस घट्ट हवेत हे मात्र निर्विवाद. गिरकीत डोकं शेवटी वळतं आणि सर्वांत आधी समोर येतं. भरतनाट्यमची लांब वेणी तिथे तोंडावरच बसेल.

घरचा अंबाडा असो की वर्गातला बन, बांधायची रीत जवळपास तीच. यू पिनने अंबाड्याची कड आणि डोक्यालगतचे केस एकत्र पकडायचे, पिन उलटी फिरवून आत दाबायची, वरून जाळी. तेल लावलेल्या केसांतून पिना निसटतात, म्हणून आदल्या रात्री तेल नको.

यंदा उंचीचा नियम कायम आहे. बॉबकटवाल्या मुलींना हेअरबँड चालेल, गंगावनाची सक्ती नाही, असं नंतर कळवलं गेलं. जाळी केसांच्याच रंगाची हवी.