दोराच्या दुसऱ्या टोकाचा धावपटू

पॅरिस पॅरालिंपिकच्या अखेरच्या दिवशी, ८ सप्टेंबर २०२४ रोजी, दृष्टिबाधित महिलांच्या मॅरेथॉनमध्ये स्पेनची एलेना कोंगोस्त तिसऱ्या क्रमांकावर धावत होती आणि चौथी स्पर्धक तिच्या बरीच मागे होती. अंतिम रेषा काही मीटरवर आली असताना तिच्यासोबत धावणाऱ्या डोळस मार्गदर्शकाच्या पायांत गोळे आले आणि तो कोसळू लागला; त्याला सावरण्यासाठी तिने दोघांचे हात जोडणारा दोर क्षणभर सोडला. तेवढ्यावरून ती अपात्र ठरली व कांस्यपदक जपानच्या मिसातो मिचिशिताला मिळाले. शर्यतीत दोर सोडायचा नाही या नियमाला धरून असला तरी हा निर्णय अनेकांना निर्दय वाटला.

१९६०च्या रोम पॅरालिंपिकमध्ये केवळ मज्जारज्जूला इजा झालेले खेळाडू होते. अंध खेळाडूंना प्रवेश मिळाला तो १९७६मध्ये टोरंटो येथे. पुढे दृष्टीच्या प्रमाणानुसार गट ठरले. आजच्या टी-११ या जवळपास पूर्ण अंध धावपटूंच्या गटात डोळ्यांवर पट्टी आणि सोबत मार्गदर्शक दोन्ही सक्तीचे आहेत, थोडी दृष्टी असलेल्यांच्या टी-१२मध्ये मार्गदर्शक ऐच्छिक आहे, तर त्याहून अधिक दृष्टी असलेल्यांच्या टी-१३मध्ये त्याची मुभाच नाही. मार्गदर्शकाने खेळाडूला ओढायचे वा ढकलायचे नाही आणि अंतिम रेषा त्याच्याआधी ओलांडायची नाही.

साहजिकच मार्गदर्शक हा खेळाडूपेक्षा वेगवान असावा लागतो, कारण त्याला धावता धावता बोलायचेही असते. अमेरिकेच्या डेव्हिड ब्राऊनने २०१४मध्ये १०.९२ सेकंदांत १०० मीटर अंतर कापले, तेव्हा पूर्ण अंध धावपटू प्रथमच ११ सेकंदांच्या आत आला. त्याच्यासोबत धावणारा जेरोम एव्हरी स्वतः कसलेला धावपटू होता. एवढ्या वेगाला निव्वळ सेवाभाव पुरत नाही. हौशी स्वयंसेवकाला वाव आहे तो लांब पल्ल्याच्या सरावात, जिथे वळण, चढ, खड्डा वेळेवर सांगणे आणि हाताची लय जुळवणे हेच मुख्य काम असते. ट्रॅकवरील मार्गदर्शकांनाही पदक देण्याची प्रथा मात्र पॅरालिंपिकमध्ये लंडनपासून, म्हणजे २०१२पासून रुळली. त्याआधी विजेत्याला पदक मिळे आणि सोबती रिकाम्या हाताने परते.

भारतात मार्गदर्शकासह धावण्याची परंपरा उशिरा आली. अंध धावपटू अंकुर धामा २०१६मध्ये रिओत १५०० मीटर धावला. पॅरिसमध्ये सिमरन शर्माने मार्गदर्शक अभय सिंहसह २०० मीटरमध्ये (टी-१२) कांस्यपदक मिळवले, तर रक्षिता राजू १५०० मीटरसाठी राहुल बालकृष्ण याच्यासह उतरली. महाराष्ट्रात या कल्पनेने सायकलची वाटही धरली आहे: पुण्याचे अंध पॅराग्लायडर दिव्यांशु गणात्रा यांच्या संस्थेने दोघांनी मिळून चालवायच्या टँडेम सायकलींवरून मनालीहून लडाखमधील ‘खारदुंग ला’ ही खिंड गाठण्याच्या मोहिमा काढल्या. त्यात डोळस स्वार पुढे बसतो, अंध स्वार मागे, आणि पायडल दोघांनाही एकाच लयीत मारावे लागते.