बाळाची कावीळ, कोवळं ऊन आणि निळा दिवा

रामबागेत असो की सुदामानगरात, इंदूरच्या मराठी घरात तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ पिवळं दिसू लागलं की सल्ला ठरलेला असतो: सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा, आपोआप उतरेल. जोडीला बाळंतिणीची हळद बंद. हळदीचा या काविळीशी काडीचाही संबंध नाही. उन्हाचा मात्र आहे, आणि तो फार सुंदर आहे. तो नीट समजला की गच्चीतल्या उन्हावर विसंबून का चालत नाही, हेही कळतं.

पूर्ण दिवसांच्या दर 10 बाळांपैकी साधारण 6 बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी पडतात, अपुऱ्या दिवसांची 8. बाळाच्या लाल पेशी आपल्यासारख्या 120 दिवस टिकत नाहीत, 70 ते 90 दिवसांत मोडतात. 1 ग्रॅम हिमोग्लोबिन मोडलं की सुमारे 35 मिलिग्रॅम बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं, मग ते पाण्यात विरघळतं आणि पित्तावाटे शीमध्ये उतरतं. पण हे काम करणारं विकर (एन्झाइम) जन्मतः मोठ्या माणसाच्या जेमतेम 1 टक्का असतं. पोटात असताना त्याची गरजच नव्हती, कारण न जोडलेलं बिलिरुबिन वारेतून आईकडे जात होतं आणि तिचं यकृत त्याची विल्हेवाट लावत होतं. नाळ कापली आणि ही सोय संपली.

आता प्रकाशाकडे वळू. 1956 साली इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एका बाळाचं अंग उजळलं होतं, पण चादरीखाली झाकलेला तेवढा भाग पिवळाच राहिला होता. हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. पुढे तिथेच खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतलं बिलिरुबिन बरंच उतरलेलं आढळलं. 1958 साली क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दिव्याखालच्या उपचाराचा निबंध प्रसिद्ध केला.

होतं काय? बिलिरुबिन पिवळं दिसतं, कारण ते निळा प्रकाश शोषतं, मुख्यतः 460 नॅनोमीटरच्या आसपासचा. म्हणजे बाळाच्या पिवळेपणातच त्यावर कोणता प्रकाश चालेल ते लिहिलेलं आहे. या रेणूत अणूंची चार कडी (पायरोल) असतात, दोन-दोनच्या दोन अर्ध्या भागांत. हे दोन भाग अर्धवट मिटलेल्या पुस्तकासारखे एकमेकांकडे झुकलेले असतात. पाण्याशी जमणारे त्याचे आम्लगट समोरच्या भागाशी हायड्रोजन बंधांनी जखडलेले असतात. असे एकूण सहा बंध. पाण्याला धरायला काही उरतच नाही, म्हणून हा रेणू पाण्यात विरघळत नाही आणि मेंदूसारख्या स्निग्ध अवयवात सहज शिरतो.

त्वचेतल्या केशवाहिन्यांत निळ्या प्रकाशाचा एक कण या रेणूवर पडला की 4 किंवा 15 क्रमांकाच्या कार्बनजवळचा दुहेरी बंध सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात फिरतो. रसायनशास्त्राच्या भाषेत 4Z,15Z चं 4Z,15E होतं (Z आणि E ही दुहेरी बंधाच्या दोन मांडणींची नावं). एका बाजूचे हायड्रोजन बंध तुटतात, लपलेले गट उघडे पडतात आणि यकृताच्या विकराची वाट न पाहता रेणू पित्तात उतरू शकतो. मात्र हा बदल उलटतोही. पित्तात पोचल्यावर रेणू पुन्हा मूळ घडीत येतो, आणि रक्तातून त्याचा निचराही सावकाश होतो. अर्धं प्रमाण उतरायला सुमारे 15 तास लागतात. खरं काम दुसऱ्या बदलातून होतं. काही रेणूंत शेजारची दोन कडी जोडली जाऊन लुमिरुबिन बनतं. ते परत फिरत नाही, पित्त आणि लघवी दोन्हींतून जातं, आणि सुमारे 2 तासांत निम्मं होतं. ते किती बनेल हे प्रकाश किती तीव्र आहे आणि किती त्वचेवर पडतो, यावर ठरतं.

उन्हाची अडचण इथेच आहे. उन्हात निळा प्रकाश आहे, पण सोबत अतिनील किरण आणि उष्णताही आहे, आणि मात्रा मोजता येत नाही. इंदुरात जानेवारीच्या सकाळी पारा 10 अंशांच्या आसपास असतो. त्या थंडीत बाळाला उघडं करता येत नाही, आणि कुंची-दुपट्यात गुंडाळलं तर ऊन फक्त चेहऱ्याला लागतं. मे महिन्यात उलट बाळाच्या अंगातलं पाणी कमी पडण्याची भीती.

रुग्णालयात तीव्र उपचारासाठी दर नॅनोमीटरमागे चौरस सेंटिमीटरला निदान 30 मायक्रोवॉट प्रकाश हवा. दिवा निळा दिसतो म्हणजे तो पुरेसा आहे असं नाही. तो मीटरने मोजावा लागतो, कारण जुने दिवे निळेच राहतात पण क्षीण होतात. बाळाचे डोळे झाकायचे, लंगोट लहान ठेवायचा, अंतर उत्पादकाने दिलेलं. दर 2-3 तासांनी अंगावर पाजायचं. ग्लुकोजचं पाणी नको, कारण दुधाने शी होते आणि आतड्यातलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जात नाही. दिव्याखाली त्वचा आधी उजळते, त्यामुळे डोळ्यांनी अंदाज न बांधता रक्तच तपासावं. रक्ताची नळी झाकून न्यावी, नाहीतर आकडा खोटा कमी येतो.

आकड्याचा अर्थ तासांवर ठरतो. 38 आठवड्यांच्या, इतर धोका नसलेल्या बाळाला 24व्या तासाला रक्तात दर डेसिलिटरला 12 मिलिग्रॅम बिलिरुबिनच्या आसपास दिवा लागतो, 72व्या तासाला 18 च्या आसपास. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला त्याहून कमी आकड्यावर. पहिल्या 24 तासांत दिसलेली कावीळ कधीच साधी मानू नये. त्यामागे बहुधा रक्तगटाची विसंगती असते: आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह, किंवा आई ओ आणि बाळ ए वा बी. आकडा वाढतच राहिला तर रक्तबदल करावा लागतो, किलोमागे 160 ते 180 मिलिलिटर. तोवर थांबायचं नाही. बाळ सुस्त, चोखत नाही, आवाज कर्कश, पाठीची कमान होतेय, तर बिलिरुबिन मेंदूत शिरलेलं असू शकतं. कायमचं बहिरेपण आणि हालचालींवरचा ताबा जाणं त्यातूनच येतं.

आणखी एक कारण आपल्या पेटीतून येतं. जी6पीडी हे विकर कमी असलेल्या बाळांच्या (मुलग्यांत हे जास्त) लाल पेशी नॅफ्थलीनने, म्हणजे डांबराच्या गोळ्यांतल्या रसायनाने, फुटतात. मोठ्या भावंडाची झबली-दुपटी वर्षभर डांबराच्या गोळ्यांत ठेवून थेट बाळाला घालायची पद्धत आहे. ती बंद करा.

आपल्याकडे ‘पीलिया झाडणारे’ही आहेत. चुन्याच्या पाण्यात हात बुडवला की पाणी पिवळं होतं, कारण हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो. कावीळ त्या पाण्यात उतरत नाही. त्यात वाया जातात ते तास, आणि तेच महाग असतात.

14 दिवसांनंतरही पिवळेपणा राहिला तर शीचा रंग बघा. ती पांढुरकी, मातकट असेल आणि लघवी गडद पिवळी, तर बिलिरुबिन जोडलेलं आहे पण पित्तमार्ग बंद असू शकतो. तिथे निळा दिवा कामाचा नाही, बाळ उलट करडं-तपकिरी पडतं. पित्तनलिका बंद असलेल्या बाळाची, पित्ताला आतड्याकडे वाट करून देणारी कासाई शस्त्रक्रिया 60 दिवसांच्या आत झाली तर यश जास्त मिळतं, म्हणून 15व्या दिवशी ‘डायरेक्ट’ (म्हणजे जोडलेल्या) बिलिरुबिनची तपासणी मागून घ्या.