गोखले, कमलाबाई
(सु. १९००–सु. १९९७). मूकपटांच्या आरंभकाळातील मराठी अभिनेत्री व संगीत रंगभूमीवरील नटी. दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या दुसऱ्या कथापटात त्या मोहिनी झाल्या, तर त्यांच्या मातोश्री दुर्गाबाई कामत पार्वती. भारतीय कथापटातील पहिल्या स्त्रिया म्हणून या मायलेकींची नावे एकत्रच घेतली जातात.

माहेरच्या त्या, आईच्या आडनावाने, कामत. वडील आनंद नानोसकर हे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवीत, असे सांगितले जाते. १९०३ च्या सुमारास पतीपासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाईंनी लहानग्या मुलीसह फिरत्या नाटक मंडळीची वाट धरली. कुलीन घरातील स्त्रीने रंगभूमीवर उभे राहणे तेव्हा निषिद्धच होते. स्त्रीभूमिका स्त्रीपार्टी नट करीत आणि प्रेक्षकांनाही तेच सवयीचे होते. कमलाबाईंचा रंगमंचप्रवेश चार-पाच वर्षांच्या वयातला. पाठांतर, गाणे, हातवारे, उभे राहण्याची ढब हे सारे त्यांनी मुक्कामागून मुक्काम करणाऱ्या मंडळीतच उचलले.

फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) स्त्री नटी मिळवण्याची खटपट केली होती. कलावंतिणींनीही नकार दिल्याने अखेर अण्णा साळुंके या हॉटेलातील पोरसवदा नोकराला तारामती करावे लागले. पुढच्याच चित्रपटात मात्र त्यांना दोन स्त्रिया लाभल्या. मायलेकी ज्या चित्ताकर्षक नाटक मंडळीत होत्या, तिचे प्रयोग त्या वेळी बंद होते आणि मंडळीच्या या सुट्टीत फाळके यांनी त्यांना बोलावून घेतले, असा वृत्तांत बहुतेक ठिकाणी आढळतो. चित्रीकरण नाशिकला झाले. दादरचे बिऱ्हाड हलवून फाळके तेव्हा तेथे स्थायिक झाले होते.

चित्रपटाच्या तारखेबाबत एकवाक्यता नाही. बऱ्याच सूची नोव्हेंबर १९१३ देतात. मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहातील प्रदर्शन जानेवारी १९१४ मधले, असे दुसरे मत आहे. निर्मिती १९१३ च्या उत्तरार्धात आणि मुंबईतील खेळ नव्या वर्षाच्या आरंभी, असे मानल्यास दोन्ही नोंदींची संगती लागते व तेच अधिक सयुक्तिक वाटते. ‘पिठाचे पंजे’ हा लघुविनोदपट याच्या जोडीने दाखविला जाई. चित्रपटाची लांबी सु. ३,२४५ फूट दिली जाते. पस्तीस मिलिमीटर फितीच्या एका फुटात सोळा चौकटी (फ्रेम) बसतात. सेकंदाला सोळा चौकटी या मूकपटकालीन सर्वसाधारण वेगाने एक फूट म्हणजे एक सेकंद. त्यावरून खेळ पाऊण तास ते तासाभराचा असावा. कॅमेरा व प्रक्षेपक दोन्ही हाताने फिरवीत असल्याने याहून नेमका हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

‘पहिली अभिनेत्री’ हा मान कोणाचा, हा वाद आजवर रेंगाळला आहे. काही लेखक वयाने व रंगभूमीवरील अनुभवाने थोर म्हणून दुर्गाबाईंना अग्रक्रम देतात. कथेचा भार मोहिनीवर असल्याने दुसरा पक्ष कमलाबाईंचे नाव पुढे करतो. दोघी एकाच चित्रपटात असल्यामुळे हा क्रम ठरवण्यास फारसा आधार नाही. दुर्गाबाईंना पहिली अभिनेत्री व कमलाबाईंना पहिली नायिका म्हणण्याची रूढ तडजोड त्यातल्या त्यात बरी. दोघींच्या तारखांचीही सरमिसळ झालेली आहे. काही अलीकडच्या सूचींत दुर्गाबाईंच्या नावापुढे १९९७ हे मृत्युवर्ष दिसते. सु. १९०० मध्ये जन्मलेल्या मुलीची आई तोवर हयात असणे जवळजवळ अशक्य असल्याने ते वर्ष कमलाबाईंचेच असावे. कमलाबाईंबाबतही काही ठिकाणी १९९८ असे वर्ष दिले जाते.

मोहिनी म्हणजे स्त्रीरूप घेतलेला विष्णू. साळुंक्यांना तारामती करणाऱ्या फाळके यांनी पुरुष नटाला सहज साजली असती अशी ही भूमिका जेमतेम तेरा वर्षांच्या मुलीला द्यावी, हा योगायोग गमतीचा आहे. नाचता नाचता मोहिनी आपला हात डोक्यावर ठेवते, तिची नक्कल करताना भस्मासुरही तसेच करतो आणि स्वतःच भस्म होतो. या कथेत संवादापेक्षा अंगविक्षेपाला महत्त्व असल्याने ती मूकपटास सोयीची ठरली. चित्रपटाची प्रत उपलब्ध नसल्याने कमलाबाईंच्या अभिनयाविषयीची विधाने आठवणींवरच आधारलेली आहेत आणि ती तशीच घ्यावीत. स्त्रियांचा हा प्रवेश लगेच रुळला असेही नाही: ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम व सीता या दोन्ही भूमिका पुन्हा साळुंके यांनीच केल्या.

कमलाबाईंचा विवाह नाटक मंडळीतील नट रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. ते आधी किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्रीपार्ट करीत; वयपरत्वे आवाज फुटल्यावर पुरुषभूमिकांकडे वळले व पत्नी त्यांची नायिका झाली. पंचविशीतच वैधव्य आल्यावर मुलांच्या पालनपोषणासाठी कमलाबाई रंगभूमीवरच राहिल्या आणि गरज पडेल तेव्हा त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. बोलपटांच्या काळात त्यांनी हिंदी-मराठी चित्रपटांत दुय्यम भूमिका केल्या. त्यांच्या चित्रपटांची संख्या सर्वसाधारणपणे ३५ च्या आसपास सांगितली जाते. ‘गहराई’ (१९८०) हा त्यांतील अखेरच्यांपैकी एक.

१९९० च्या दशकाच्या प्रारंभी रीना मोहन यांनी त्यांच्यावर ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला. त्यात वृद्धापकाळातील कमलाबाई स्वतः बोलतात. पूर्वायुष्याच्या तपशिलासाठी नंतरच्या लेखकांनी मुख्यतः याच कथनाचा आधार घेतलेला दिसतो. अभिनेते चंद्रकांत गोखले आणि तबलावादक लालजी व सूर्यकांत गोखले हे त्यांचे पुत्र. अभिनेते विक्रम गोखले हे चंद्रकांत यांचे चिरंजीव.