फ्लिपर मोडलेले नाहीत, ते कधी नव्हतेच!

म्हापशात आमच्या ओळखीच्यांच्या घरी सर्कशीच्या चित्रांचं एक जुनं पिनबॉल मशीन (उतरत्या फळीवर गोळी सोडून खेळायची पेटी) आहे, विदूषक, हत्ती, झोपाळ्यावरची बाई सगळं काचेवर आणि आतल्या फळीवर, आणि बघायला येणारा प्रत्येक जण म्हणतो की याचे फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की गोळी परत वर उडवणारे छोटे दांडे, कोणीतरी काढून विकले. अहो नाही! पिनबॉलला विजेचे फ्लिपर आले १९४७ साली, गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी'त, त्यात चक्क सहा होते. त्याआधीची मशीन्स जवळजवळ सगळी बिनफ्लिपरचीच, आणि नंतरही बिंगो प्रकारची (गोळ्या भोकांत पाडून आकडे जुळवायची) तशीच निघत राहिली. पेटीच्या दोन्ही बाजू नीट बघा ना, बटणांची भोकंच नाहीत, बुजवल्याची खूणसुद्धा नाही.

आणि "मग सगळं नशिबावर" हेही खरं नाही. स्प्रिंगचा दांडा किती ओढायचा ते सवयीने हाताला कळतं, आणि गोळी खिळ्यांवर आपटत खाली येताना पेटीला तळहाताने हलकासा धक्का द्यायचा. जास्त दिला की आतला लोंबता लंबक भोवतीच्या कडीला टेकतो, सर्किट जुळतं आणि टिल्ट, डाव गेला! कसब आहे हो ते. कृपया आता मेकॅनिक बोलावून नवे फ्लिपर बसवू नका, फळी कापली की ते जुनं चित्र कायमचं गेलं.