घासलेली चार बटणं

निपाणीला मामांची तंबाखूची जुनी वखार आहे. तंबाखूचा व्यवहार थांबवल्यावर त्यांनी आत भिंती घातल्या, चाळीस खोल्या पाडल्या आणि सामान ठेवायला महिन्याच्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. बदली झालेल्या जवानाचा संसार, पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाची पुस्तकं, मंडपवाल्याच्या खुर्च्या, सगळं तिथं असतं. मुख्य दाराला आकड्यांचं कुलूप, आतल्या प्रत्येक शटरला भाडेकरूचं स्वतःचं. परवा मी त्या दारापाशी उभा होतो. १, ४, ७ आणि ९ ही बटणं घासून गुळगुळीत झाली होती, बाकीची नव्यासारखी.

"मामा, कोड १९४७ आहे ना?"

मामा माझ्याकडे बघतच राहिले.

चार आकडी कोड एकूण १०,००० होतात. एकेक दाबायला पाच सेकंद धरले तर सगळे संपायला जवळजवळ चौदा तास लागतील. पण बटणं कोणती हे कळलं की उरतो फक्त क्रम: ४ × ३ × २ × १, म्हणजे २४. दोन मिनिटांचं काम. त्यात स्वातंत्र्याचं साल तर कुणीही पहिल्यांदाच दाबून बघेल. एक आकडा दोनदा घेतला आणि तीनच बटणं घासली, तर वाटतं शक्यता आणखी घटतील. उलट त्या ३६ होतात, कारण दोनदा आलेला आकडा कोणता हे बाहेरच्याला दिसत नाही. तरी ३६ म्हणजे काही फार नव्हे.

शटरच्या साध्या कुलपाचंही असंच होतं. लायनस येल धाकटे यांनी १८६१ आणि १८६५ साली पेटंट घेतलेल्या रचनेत स्प्रिंगवर बसलेल्या, वेगवेगळ्या उंचीवर तुकडे केलेल्या पिना एका ओळीत असतात. योग्य किल्ली प्रत्येक पिनेची फट बरोबर किल्ली जाते त्या आतल्या सिलिंडरच्या कडेला आणते, मगच ते फिरतं. पाच पिना आणि प्रत्येकीच्या सहा उंच्या धरल्या, तर कागदावर ६ × ६ × ६ × ६ × ६, म्हणजे ७,७७६ किल्ल्या होतात. पण पिनांची पाचही भोकं अगदी एका रेषेत कधीच पडत नाहीत. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर हात बसलेल्या माणसाला हे सांगायला नको. सिलिंडरला हलका पीळ दिला की एकच पिन आधी अडकते. ती उचलली की टक्‌ करून बसते, सिलिंडर केसभर सरकतं, मग दुसरी अडकते. म्हणजे प्रत्येक पिन आपलं उत्तर वेगळं सांगून टाकते. गुणाकाराची बेरीज होते: ६ + ६ + ६ + ६ + ६. फार तर तीस प्रयत्न!

दार उघडायला रीडरपुढं धरायचं स्वस्तातलं १२५ किलोहर्ट्झचं कार्डही असंच बोलकं असतं. त्यात बॅटरी नसते. रीडरच्या चुंबकीय क्षेत्रानं कार्डातल्या तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि चिप आपला नंबर सांगते, दर वेळी तोच. एकदा ऐकणाऱ्याला त्याची नक्कल करता येते. चांगल्या कार्डाला रीडर दर वेळी नवा आकडा देतो, कार्ड आतल्या गुप्त किल्लीनं त्यावर गणित करून उत्तर पाठवतं. आजचं उत्तर उद्या चालत नाही.

मामांना मी प्रत्येक भाडेकरूला वेगळा कोड द्यायला सांगितलं. सगळी बटणं एकसारखी घासतात, आणि कोण कधी आलं याची नोंदही राहते. मात्र चार आकड्यांवर थांबून चालणार नव्हतं. १०,००० मध्ये ४० कोड चालू असले, तर अंदाजानं दाबलेल्या अडीचशेपैकी सरासरी एक लागतो. सहा आकडी केल्यावर तेच प्रमाण पंचवीस हजारांत एक झालं. तीनदा चुकलं की पाच मिनिटं दार गप्प. शटरला गोल, चपटी डिस्क कुलपं आली. त्यांची कडी जवळजवळ पूर्ण झाकलेली असते, कटर लावायला जागाच मिळत नाही.

पहिल्याच महिन्याच्या नोंदीत सतरा नंबरच्या खोलीचा कोड रात्री साडेनऊला वापरलेला दिसला. ती खोली आठवड्यापूर्वीच रिकामी झाली होती. राहिलेली शिडी न्यायला भाडेकरू परत आला होता, एवढंच. पण मामा बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. जुना कोड सगळ्यांना एकच होता आणि कधी बदललाच नव्हता. आजवर खोली सोडून गेलेल्या प्रत्येकाला तो पाठ असणार. आता खोलीचा हिशेब मिटतो त्याच दिवशी मामा तिचा कोड पुसतात.