रॉकेटच्या सिलिंडरचा कोन

माझ्या भाचीने शाळेच्या प्रकल्पवहीत ‘रॉकेट’ या वाफेच्या इंजिनाची दोन चित्रे शेजारी शेजारी चिकटवली होती. पहिल्यात पिवळ्याधमक रंगाचे, उंच पांढऱ्या धुरांड्याचे इंजिन होते आणि त्याचा सिलिंडर मागच्या बाजूने तिरपा खाली उतरत पुढच्या चाकाकडे रोखलेला होता. दुसऱ्यात संग्रहालयातले, रंग उडून काळे पडलेले यंत्र होते आणि त्याचा सिलिंडर जवळजवळ आडवा होता. बाईंनी दुसऱ्या चित्राखाली लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले होते. प्रश्न रास्त होता, पण चूक कोणत्याच चित्रात नव्हती. दोन्ही चित्रे एकाच इंजिनाची आहेत. मधल्या काळात ते दुरुस्त झाले एवढेच. ही दुरुस्ती मला त्या इंजिनाच्या गाजलेल्या विजयापेक्षा अधिक रंजक वाटते.

विजयाची हकीकत थोडक्यात सांगता येते. लिव्हरपूल ते मँचेस्टर या नव्या लोहमार्गावर गाड्या कशाने ओढाव्यात हे ठरवण्यासाठी ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल येथे चाचण्या झाल्या. बक्षीस ५०० पौंडांचे होते. स्वतःच्या वजनाच्या तिप्पट भार ओढत, ठरलेल्या दीड-पावणेदोन मैलांच्या पट्ट्यावर पुन्हापुन्हा ये-जा करायची आणि सरासरी वेग ताशी १० मैलांच्या खाली येऊ द्यायचा नाही, अशी अट होती. ‘नॉव्हेल्टी’ आणि ‘सान्स परेल’ हे प्रतिस्पर्धी मध्येच बिघडले. सगळी परीक्षा पार केली ती एकट्या ‘रॉकेट’ने. तेव्हापासून सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ‘आगगाडीचा शोध : जॉर्ज स्टीफन्सन’ अशी एका ओळीची नोंद ठाण मांडून बसली आहे. वास्तविक रुळांवरून वाफेच्या इंजिनाने भार ओढण्याचा प्रयोग रिचर्ड ट्रेव्हिथिकने वेल्समध्ये १८०४ सालीच करून दाखवला होता. ‘रॉकेट’चा आराखडाही मुख्यतः जॉर्जच्या पंचविशीतल्या मुलाचा, रॉबर्टचा होता आणि त्यातली बॉयलरची कल्पना सुचवली होती रेल्वे कंपनीचे चिटणीस हेन्री बूथ यांनी.

त्या बॉयलरकडे दोन मिनिटे पाहायला हवे. पूर्वीच्या इंजिनांत भट्टीतला गरम वायू एका किंवा दोन जाड नळ्यांतून पाण्यामधून जात असे. ‘रॉकेट’मध्ये त्याऐवजी ३ इंच व्यासाच्या, ६ फूट लांबीच्या २५ तांब्याच्या नळ्या बसवल्या होत्या. या २५ नळ्यांच्या तोंडांचे एकूण क्षेत्रफळ १५ इंच व्यासाच्या एका नळीच्या तोंडाइतकेच भरते. परंतु पाण्याला चिकटलेला त्यांचा पृष्ठभाग सुमारे ११८ चौरस फूट होतो, तर त्या एका जाड नळीचा जेमतेम २४. वायू तेवढाच, पण उष्णता शिरण्याची वाट पाचपट रुंद. वापरून झालेली वाफ धुरांड्यात वरच्या दिशेने सोडली जाई, त्यामुळे धूर ओढला जाऊन भट्टीत वारा खेळत असे. इंजिन जितके जोरात चाले तितकी भट्टी अधिक फुले. वाफ तयार करण्याचा प्रश्न असा सुटला. प्रश्न उरला तो त्या वाफेचा जोर चाकापर्यंत पोहोचवण्याचा, आणि इथेच तो तिरपा सिलिंडर येतो.

बॉयलरमधला दाब दर चौरस इंचाला ५० पौंड असे आणि सिलिंडरचा व्यास होता ८ इंच. दट्ट्याचे, म्हणजे सिलिंडरमध्ये पुढेमागे सरकणाऱ्या पिस्टनचे, क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच धरले, तर त्याच्यावर जास्तीत जास्त २,५०० पौंड, म्हणजे अंदाजे १,१४० किलोचा रेटा पडतो. वाफ दट्ट्याला खाली ढकलते तेव्हा तितक्याच जोराने ती सिलिंडरचे झाकण वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम इथे सवलत देत नाही. सिलिंडर बॉयलरला आणि सांगाड्याला घट्ट जोडलेला आहे, दट्ट्या मात्र दांड्याने चाकाच्या खुंटीला जोडलेला आहे. म्हणजे वाफ एका बाजूने सांगाडा ढकलते आणि दुसऱ्या बाजूने चाक. या दोन ढकलण्यांचा हिशेब कुठेतरी मिटला पाहिजे.

तो कुठे मिटतो, ही खरी गंमत आहे. चाकाचा आस ज्या ठोकळ्यात फिरतो तो ठोकळा सांगाड्यातल्या दोन उभ्या खाचांमध्ये बसवलेला असतो. त्याला पुढेमागे हलता येत नाही, वर-खाली मात्र सरकता येते, कारण त्याच्यावर स्प्रिंग असते : मालट्रकच्या चाकापाशी दिसतात तसे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. त्यामुळे रेट्याचा जो भाग आडवा आहे तो खाचेच्या लोखंडात जिरतो आणि कोणी हलत नाही. जो भाग उभा आहे त्याला अडवायला पाट्यांखेरीज काहीच नाही. ‘रॉकेट’चा सिलिंडर आडव्या रेषेशी सुमारे ३८ अंशांचा कोन करत होता. ३८ अंशांची ज्या (त्रिकोणमितीतली ‘साइन’) ०.६२ येते, म्हणजे १,१४० किलोंपैकी सुमारे ७०० किलो उभ्या दिशेने लागत. अवघ्या सव्वाचार टनांच्या इंजिनाच्या एका बाजूला चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा ७०० किलोंनी वर उचलायचे आणि एकदा तितक्याच जोराने खाली दाबायचे, असा हा प्रकार होता. त्यातही डाव्या आणि उजव्या बाजूच्या खुंट्या एकमेकींपासून पाव फेरा पुढेमागे ठेवाव्या लागतात, नाहीतर दोन्ही दट्ट्ये एकाच वेळी टोकाला अडकून इंजिन सुरूच होणार नाही. परिणामी एक बाजू उचलली जात असते तेव्हा दुसरी त्याच्या मागे किंवा पुढे असते आणि इंजिन बदकासारखे डुलत धावते. पुढचे मोठे चाक ४ फूट साडेआठ इंचांचे होते. ताशी १२ मैलांना ते सेकंदाला सव्वा फेरा घेई, आणि ताशी ३० मैलांना जवळपास तीन.

दुसरी अडचण त्याहून सूक्ष्म आहे, आणि गणिताचा कंटाळा असलेल्यांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. रुळाच्या सांध्यावर चाक एक इंच वर उचलले गेले, तर ते सांगाड्याच्या मानाने सरकते आणि दांड्यामार्फत दट्ट्यालाही सिलिंडरमध्ये सरकवते. किती, ते पुन्हा त्याच ज्येवर अवलंबून आहे. ३८ अंशांना दट्ट्या ०.६ इंचाने सरकतो, आणि तो झाकणावर आपटू नये म्हणून दोन्ही टोकांना तेवढी मोकळी जागा राखावी लागते. प्रत्येक फेऱ्यात ती जागा भरणारी वाफ कामाविना वाया जाते. सिलिंडर उभाच असेल, जसा तो १८२५ च्या ‘लोकोमोशन’मध्ये होता, तर पूर्ण इंचाचा फटका बसतो. उभे सिलिंडर आणि चांगल्या स्प्रिंगा यांचे कधी जमले नाही ते यामुळेच. रॉबर्टने १८२८ च्या ‘लँकेशायर विच’मध्ये सिलिंडर तिरपा केला आणि पोलादी पाट्यांना जागा करून दिली. ‘रॉकेट’चा तिरपेपणा ही त्या वाटेवरची अर्धी पायरी होती.

नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधली म्हणजे ती बिनघोर चालते, असे मानणाऱ्यांची संख्या आजही कमी नाही. ‘रॉकेट’ला कोणाची दृष्ट लागलेली नव्हती, कोन लागला होता, आणि तो कोनमापकाने मोजता येत होता.

म्हणून तो बदलण्यात आला. १८३० मध्ये रॉबर्टच्या कारखान्यातून आलेल्या पुढच्या इंजिनांचे सिलिंडर खाली आणलेले होते. ‘नॉर्दम्ब्रियन’मध्ये तर भट्टी बॉयलरच्याच पोटात घेतली गेली आणि बॉयलरच्या पुढच्या तोंडाला धूम्रपेटी आली, म्हणजे नळ्यांतला धूर धुरांड्यात जाण्याआधी जिच्यात जमतो ती पेटी. ‘प्लॅनेट’मध्ये सिलिंडर पुढच्या बाजूला, धूम्रपेटीखाली लपले. जुन्या ‘रॉकेट’लाही हीच लस टोचण्यात आली : चाचण्यांनंतर दोन वर्षांच्या आत त्याचे सिलिंडर जागेवरून काढून सुमारे ८ अंशांवर बसवले गेले आणि पुढे धूम्रपेटी जोडली गेली, जिच्यातून नळ्यांमधून आलेली राख काढून टाकणे सोपे झाले. ८ अंशांची ज्या ०.१४ आहे, उभा धक्का ७०० किलोंवरून १६० किलोंपर्यंत उतरला. वाफ तीच, दाब तोच, दट्ट्या तोच.

या घराण्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीची इंजिने इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीत तयार झाली होती. तो कारखाना न्यूटन-ले-विलोजचा, म्हणजे लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाच्याच परिसरातला, आणि त्याच्या सुरुवातीच्या काळात रॉबर्ट स्टीफन्सन त्यात भागीदार होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले हे तर रॉबर्टचेच शिष्य.

‘रॉकेट’ मात्र १८३६ मध्ये विकले गेले आणि उत्तरेकडे कंबरलंडमधल्या एका कोळसा-मार्गावर राबले. १८६२ मध्ये ते लंडनच्या पेटंट ऑफिस संग्रहालयात पोहोचले तेव्हा त्याचे बरेच भाग गळून गेले होते. सिलिंडर अर्थातच आडवे होते. चाचण्यांना दीडशे वर्षे झाली म्हणून १९७९ मध्ये त्याची वाफेवर धावणारी प्रतिकृती तयार करण्यात आली, तीही मूळच्या १८२९ च्या रूपात, पिवळी आणि ३८ अंशांची. त्यामुळे आज चालताना दिसते ते कर्त्यांनी स्वतःच सोडून दिलेले रूप, आणि त्यांनी सुधारलेले रूप संग्रहालयात स्तब्ध उभे असते. भाचीच्या वहीत त्या लाल प्रश्नचिन्हाशेजारी आम्ही पेन्सिलीने दोन कोन काढून ठेवले आहेत.