अ‍ॅम्प मॉडेलिंग आणि नैसर्गिक गिटार टोन

अ‍ॅम्प मॉडेलिंग म्हणजे गिटार अ‍ॅम्प, त्याचं स्पीकर कॅबिनेट आणि त्यापुढचा माइक या तिघांचं वागणं गणितानं उभं करणं. गिटार ऑडिओ इंटरफेसला (सिग्नल कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डब्याला) किंवा मॉडेलर युनिटला लावायची, बाकीची साखळी डिजिटल. या नोंदीत रेकॉर्डिंगमध्ये असा टोन खरा कधी वाटतो आणि प्लास्टिकसारखा कधी, एवढंच बघितलंय.

पहिला मॉडेलर कोणता यावर एकमत नाही. टॉम शोल्झचा रॉकमन (१९८२) आणि टेक २१ चा सॅन्सअ‍ॅम्प (१९८९) हे दोन्ही माइक लावलेल्या अ‍ॅम्पचा आवाज थेट मिक्सिंग टेबलावर देत होते, म्हणून काहीजण सुरुवात तिथूनच धरतात, पण ती दोन्ही अ‍ॅनालॉग सर्किटं. डिजिटलमध्ये रोलँडचा व्हीजी-८ (१९९५) आधीचा, फक्त त्याला प्रत्येक तारेचा सिग्नल वेगळा देणारा खास पिकअप लागायचा आणि तो अ‍ॅम्पसोबत गिटारचीसुद्धा नक्कल करायचा. साधी जॅक लावून चालणारा डिजिटल मॉडेलिंग अ‍ॅम्प म्हणून लाइन ६ च्या अ‍ॅक्सिस २१२ चं (१९९६) नाव घेतात, आणि 'अ‍ॅम्प मॉडेलिंग' हा शब्द आज ज्या अर्थानं वापरतात त्याला तेच जास्त जुळतं. तरी एकच साल ठोकून देण्यापेक्षा १९९५-९६ म्हणणं बरं. घरगुती रेकॉर्डिंगमध्ये हे रुळलं ते लाइन ६ च्याच १९९८ च्या पॉड या मॉडेलरपासून.

मॉडेल बनवायच्या ढोबळ वाटा दोन. एकीत सर्किटमधला प्रत्येक भाग समीकरणात मांडतात, दुसरीत खऱ्या अ‍ॅम्पला ठरावीक सिग्नल पाजून बाहेर काय येतं त्यावरून नक्कल शिकतात, जसं २०११ चा केम्पर प्रोफायलर किंवा आताचे न्यूरल नेटवर्कवाले कॅप्चर. कॅप्चर बहुतेकदा नॉबच्या एकाच स्थितीचा फोटो असतो, त्या स्थितीत तो फार खरा वाटतो, पण नॉब फिरवल्यावर अ‍ॅम्प कसा वागेल हे सर्किटवालं मॉडेल जास्त नीट सांगतं.

दोन्ही वाटांना एक अडचण सारखीच, अलायझिंग. डिस्टॉर्शन (सिग्नल चिरडून आवाज फाटणं) नवे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, तयार करतं आणि डिजिटलमध्ये सॅम्पल रेटच्या (सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो त्याच्या) निम्म्याच्या वर काहीच राहू शकत नाही, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला मर्यादा २२.०५ ची. समजा सुराचा ५ किलोहर्ट्झचा भाग चिरडला गेला, तर त्याचा सातवा हार्मोनिक ३५ वर जायला हवा, तो तिथे मावत नाही आणि उलटा दुमडून ९.१ वर येऊन बसतो, ज्याचा मूळ सुराशी काही संबंधच नाही. वरच्या फ्रेटवर बेंड घेताना सूर चढत असतो आणि मागे काहीतरी किरकिरत खाली उतरत असतं ते हेच. प्लगइनमधला ओव्हरसॅम्पलिंगचा (आतलं गणित जास्त सॅम्पल रेटवर करण्याचा) पर्याय यासाठीच असतो, प्रोसेसरवर ताण येतो पण फायनल मिक्स काढताना तरी चालू ठेवावा.

आता इनपुट, ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि टोन सगळ्यात जास्त इथेच बिघडतो. पिकअपला साधारण १ मेगाओहमचं इनपुट लागतं. साध्या लाइन इनपुटला लावला तर वरची चमक तिथेच मरते आणि नंतर ईक्यूनं (बेस-ट्रेबल कमीजास्त करून) ती परत येत नाही. लेव्हलचंही तसंच. मॉडेल ठरावीक ताकदीचा सिग्नल गृहीत धरतं, आपण इंटरफेसचा गेन चढवून ठेवला तर लाल दिवा न लागताही मॉडेलला वाटतं की कुणीतरी पुढे बूस्टर लावलाय, मग क्लीन अ‍ॅम्पसुद्धा फाटतो आणि दोष मॉडेलला मिळतो. ओळखायची खूण सोपी: क्रंच (हलक्या फाटक्या) टोनवर गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणा, आवाज साफ होत गेला आणि पिकचा टोला ऐकू आला तर लेव्हल बरोबर, नुसता बारीक झाला तर गेन जास्त आहे.

माझ्या मते नैसर्गिकपणाचा मोठा वाटा अ‍ॅम्पच्या मॉडेलपेक्षा कॅबिनेटचा. १२ इंची गिटार स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झनंतर झपाट्यानं उतरतो, तो काढून टाकला तर डिस्टॉर्शन नुसतं माश्यांसारखं भणभणतं. स्पीकरचं हे काम इम्पल्स रिस्पॉन्स म्हणजे आयआर, माइक लावलेल्या कॅबिनेटच्या आवाजाची डिजिटल नोंद, करतो. ही नोंद घेताना शुअर एसएम५७ हा माइक स्पीकरच्या बरोबर मध्यावर असेल तर आवाज टोचरा, कडेकडे सरकवला की मऊ, दोन-तीन सेंटीमीटरचा फरकसुद्धा कानाला कळतो, त्यामुळे टोन टोचत असेल तर ट्रेबल कापण्याआधी आयआर बदलून बघावा. मात्र आयआर ही रेषीय नोंद आहे, म्हणजे हळू काय नि जोरात काय ती सारखीच वागते, जोरात वाजताना स्पीकर स्वतः जे डिस्टॉर्शन देतो ते त्यात येत नाही. आणि अ‍ॅम्पच्या प्रीसेटमध्ये कॅब चालू असताना वर आणखी आयआर लावला तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो.

जवळच्या माइकच्या आयआरमध्ये खोली जवळपास नसते, म्हणून थोडा छोट्या खोलीचा रिव्हर्ब लागतोच. हळू आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात (फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं), त्यामुळे रात्री हेडफोनवर हळू आवाजात जुळवलेला टोन मोठ्यानं लावला की घुमतो आणि टोचतो. रिदम गिटार दोनदा वाजवून डावी-उजवीकडे टाकायची असेल तर गेन एकट्या गिटारपेक्षा कमी ठेवावा. तोच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर तो मधोमध एकच ऐकू येतो, रुंदी येते ती खरोखर दोनदा वाजवल्यावर.